घळीतलं रानगाजर

त्याला गावात सगळे हिरव्या म्हणत.

त्याचा बाप, आबा, जनावरांचा जाणता माणूस. कुणाची शेळी फुगली, कुणाच्या गाईची वार अडकली, की माणसं आधी आबांच्या अंगणात यायची. रानातला पाला, मुळी, साल यांची आबांना अशी ओळख, जशी आपल्याला भावकीतल्या माणसांची असते. लांबून, नुसत्या चालीवरूनसुद्धा. पुढे आबांच्या डोळ्यांवर पडदा चढला. आधी लांबचं गेलं, मग जवळचं, शेवटी उजेड आणि सावली एवढंच उरलं. तेव्हा एका सकाळी त्यांनी मुलाला समोर बसवलं. अंगणात चारदोन माणसं होती. कुणीतरी आणलेली फांदी त्याच्या हातात देऊन आबा म्हणाले, "सांग, पान कसं आहे?"

त्यानं फांदी उलटीसुलटी केली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि म्हणाला, "हिरवं आहे."

अंगण हसलं. आबाही हसले, आणि ते हसले म्हणून बाकीच्यांना चेव आला. तेव्हापासून तो हिरव्या. पण नाव पडल्याचं दुःख त्याला तेवढं नव्हतं. नावं पडतातच, गावात काण्या होता, ढेकळ्या होता. खरी कळ वेगळी होती. हसणं चालू असताना त्याची बायको दारातून पुढे आली, त्याच्या हातातली फांदी तिनं काढून घेतली आणि म्हणाली, "पानं समोरासमोर आहेत, आबा. कडा करवतीसारख्या. खालून पांढरी लव. मोडलं की चीक येतोय, पण पांढरा नाही, पिवळा."

आबा हसायचे थांबले. त्यांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली. "आणखी सांग," ते म्हणाले.

तेव्हापासून ती सांगत होती.

त्या साली रानाची सगळी घडीच विस्कटली होती. आदल्या वर्षी खालच्या जंगलाला वणवा लागून मोठी झाडं गेली, जमिनीला ऊन लागलं आणि राखेतून कधी कुणी न पाहिलेलं काय काय वर आलं. त्यात पाऊस रुसलेला. उतारावरचं गवत शेळ्यांनी मुळापर्यंत खरवडलेलं, परसातल्या भाज्या करपलेल्या. माणसं पोटासाठी जंगलात आत आत शिरायला लागली आणि मिळेल तो पाला ओंजळीत धरून आबांच्या अंगणात यायला लागली. हे खाता येतं का, हे जनावराला घालू का. रोज सकाळी रांग. आबा ओट्यावर, सूनबाई त्यांच्या पायाशी, आणि मध्ये पाल्याचा ढीग.

हिरव्या तेव्हा कुंपणात शेळ्यांचे खूर छाटत असायचा. एके दिवशी एक आडदांड बोकड काही केल्या पाय देईना. एका माणसानं शिंगं धरावीत, दुसऱ्यानं पाय धरावा, असं ते काम. त्यानं हाक मारली, "अगं, जरा इकडं ये."

"आले," ती म्हणाली. पण आली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली तेव्हा आबाच म्हणाले, "थांब रे जरा. इथं माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे."

बोकडानं लाथ झाडली. छाटणीचा सुरा सटकून त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात लागला. त्यानं रक्त तोंडात धरलं आणि कुंपणापलीकडे बघत राहिला. त्याची बायको एक वाकडी काडी नाकाशी धरून डोळे मिटून वास घेत होती. अगदी आबा घ्यायचे तसा.

सुतार शेजारी टेकून उभा होता. सुतार त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, पण जिभेला हाड नाही. "तुझं बरं आहे हिरव्या," तो म्हणाला. "तुझ्या बापाला म्हातारपणी लेक झाली."

"तुझं तोंड बघ आधी," हिरव्या म्हणाला.

"मी आपलं बोललो. आमच्या म्हाताऱ्यानं मला रंध्याला हात लावू दिला नाही मरेपर्यंत. पण निदान बायकोच्या हातात तरी नाही दिला."

सुतार हसला आणि गेला. पण ते बोलणं हिरव्याच्या पायात काट्यासारखं मोडून राहिलं. चालताना दुखायचं.

वाईट याचं वाटे, की आबांनी त्याला कधी तसं शिकवलंच नव्हतं. लहानपणी रानात नेत, पण पुढे चालत राहत, मागं बघत नसत. काही विचारलं तर म्हणत, डोळे कशाला दिलेत? चुकला तर फांद्या ओढायच्या आकडीच्या दांड्यानं पोटरीवर एक बसे. आणि आता तेच आबा तिला दहा दहा वेळा सांगत, चुकली तर म्हणत, "असू दे, असू दे, पुन्हा हात लावून बघ." एवढी माया त्यांच्याजवळ होती, आणि ती इतकी वर्षं कुठं ठेवली होती, हे हिरव्याला कळत नव्हतं.

रात्री जेवतानाही तेच. नव्या पाल्यांना नावं नव्हती, म्हणून दोघांनी आपलीच ठेवली होती. हात लावला की पानं मिटणारीला 'रुसकी'. कपड्याला चिकटून घरी येणाऱ्या बीला 'पाहुणा'. एका घाण वासाच्या झुडपाला त्यांनी सुताराच्या चुलत्याचं नाव दिलं होतं आणि त्यावरून दोघंही ताटावर हसत सुटत.

"कोण रुसकी?" हिरव्यानं एकदा विचारलं.

"ते होय," बायको म्हणाली. "ते कालच्या ढिगातलं. तुम्हाला नाही कळायचं, बघावं लागेल."

ती सहज बोलली होती. तिच्या मनात काही नव्हतं. पण हिरव्यानं ताटातला घास तसाच ठेवला, हात धुतला आणि बाहेर गेला. मागच्या भिंतीला तिनं नव्या पाल्याच्या जुड्या वाळत टांगल्या होत्या, प्रत्येक जुडीला वेगळ्या गाठीचा दोरा. पुन्हा तेच झाड दिसलं तर ताडून बघता यावं म्हणून. त्यानं ओंजळभर जुड्या ओरबाडल्या आणि कुंपणात शेळ्यांपुढं टाकल्या.

सकाळी ती कुंपणापाशी आली. तो दूध काढत होता.

"माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढा," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या जुड्यांत एक विषारी होती. पहाटे येऊन मी लेंड्यांतून वेचून काढली. नशीब, दोरा कडक होता म्हणून शेळ्यांनी तोंडातून टाकली."

तो मान खाली घालून सड पिळत राहिला. तिनं आबांना सांगितलं असतं, आरडाओरडा केला असता, तर बरं झालं असतं. तिनं काही केलं नाही. दुधाची चरवी उचलून ती आत गेली, आणि तिचं ते गप्प राहणं त्याला शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

त्यानंतर तो शेळ्या घेऊन लांब लांब जायला लागला. घरापासून जेवढं लांब तेवढं बरं. आणि असाच एकदा जळालेल्या जंगलाच्या पलीकडे उतरताना त्याला ती घळ सापडली.

दोन कड्यांच्या मध्ये, वरून दिसणारसुद्धा नाही अशी. तळाशी ओल होती. कुठंतरी झिरपा असावा. आणि सगळीकडं उजाड असताना तिथं कमरेएवढी हिरवळ उभी होती. गवत, वेल, आणि सगळ्यांत जास्त एक उंच झाड: कोथिंबिरीसारखी चिरलेली पानं, शेंड्याला पांढऱ्या बारीक फुलांची छत्री. शेळ्यांनी उतारावरून अक्षरशः उड्या टाकल्या. त्या गवतावर तुटून पडल्या. छत्रीच्या झाडापाशी नाक नेऊन त्या बाजूला होत होत्या, पण एवढ्या हिरवळीत ते कोण बघतो? हिरव्या एका दगडावर बसला आणि शेळ्यांचं ते कुरुकुरु चरणं ऐकत राहिला. कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचा दगड हलला.

संध्याकाळी भरल्या पोटाच्या शेळ्या घेऊन तो घरी आला. आबांनी एकेका शेळीच्या कुशीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कुठं नेल्या होत्यास?"

त्यानं घळीचं सांगितलं. सांगताना आवाज आपोआप मोठा झाला.

"शाबास," आबा म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "मी एवढं रान हिंडलो, मला नाही सापडली ती. शाबास रे माझ्या पठ्ठ्या."

पाठीवर जिथं थाप पडली तिथं ऊब रेंगाळली. पण ती पुरती मुरायच्या आत बायको दारातून म्हणाली, "त्या घळीत काय काय उगवलंय? ओलीतलं आहे, तिथं नको ते पण येतं. उद्या एकेक काडी आणाल का सगळ्याची?"

"हो रे," आबा म्हणाले. "तिला दाखव आधी. तिनं बघितल्याशिवाय पुन्हा नेऊ नकोस."

तिला दाखव आधी. हिरव्या बरं म्हणाला आणि शेळ्या कोंडायला गेला. फाटकाचा आडणा त्यानं इतक्या जोरात लावला की खुंटी निखळली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच घळीत जाऊन आला. गवताच्या काड्या, वेलाचा तुकडा, आणि ते छत्रीचं झाड मुळासकट. मूळ पांढरं, निमुळतं, गाजरासारखं. घराजवळ येताना त्यानं लांबून बघितलं, बायको धुणं घेऊन ओढ्याकडं चालली होती. तो झाडाआड थांबला. ती वळणाआड गेली, मग तो अंगणात आला.

आबा ओट्यावर घोंगडं पांघरून बसले होते. दोन दिवस त्यांना पडसं होतं, नाक चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी.

"ती आली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मीच आहे. घळीतलं आणलंय."

"मग थांबू तिच्यासाठी. माझं नाक बंद आहे."

"मी सांगतो की," हिरव्या म्हणाला. "मला डोळे आहेत."

आबांनी घोंगड्यातून हात पुढं केला. "सांग."

त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, की आज त्याला दिसत होतं. इतके दिवस कुंपणाआडून ऐकून ऐकून कोणत्या गोष्टी सांगायच्या हे त्याच्या कानात बसलं होतं. पान कसं चिरलेलं, फुलांची छत्री कशी, देठ पोकळ की भरीव, मूळ किती लांब. आबा मान डोलवत होते. "वा," ते एकदा म्हणाले. मग त्यांनी देठावरून बोट फिरवलं. बोटांची कातडी घट्ट्यांनी मेलेली, म्हणून देठ ओठांवरून फिरवला.

"हे रानगाजर असायला हवं," ते म्हणाले. "पाला जनावराला चालतो, मूळ माणसाला चालतं. तसं असेल तर गावाचं पोट निघेल. पण रानगाजराला लव असते. हे गुळगुळीत लागतंय रे."

"जून झालंय ते. झडली असेल."

"असेल." आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "माझा गुरू सांगायचा, रानगाजराचा एक जुळा भाऊ आहे. हुबेहूब. मी कधी पाहिला नाही, आपल्या रानात नव्हताच तो. पण त्याच्या देठावर ठिपके असतात. जांभळे, रक्त शिंपडल्यासारखे. नीट बघ. ठिपके आहेत?"

हिरव्यानं बघितलं. वरच्या देठावर काही नव्हतं. खाली, मुळाजवळ, सालीवर जांभळट डाग होते. चिखल असेल म्हणून त्यानं अंगठा घासून बघितला. गेले नाहीत.

ओढ्याच्या वाटेवर अजून कुणी दिसत नव्हतं. ठिपके आहेत म्हटलं की आबा म्हणणार, थांबू तिच्यासाठी. ती येणार, नाक लावणार, आणि घळ तिची होणार. आणि डाग काय, कशाचेही असतात. ओलीत सालीला डाग पडतातच.

"नाहीत," तो म्हणाला.

"नक्की?"

"नाहीत आबा. साफ आहे."

आबांनी मुळाचा तुकडा मोडून दाताखाली धरला. थोडा चावला, जिभेवर घोळवला. "गोडसर आहे," ते म्हणाले, आणि गिळला. मग त्यांनी चाचपत मुलाचा हात शोधला आणि धरून ठेवला. "बघ, तुला जमतं. मला वाटायचं, माझ्यामागं हे सगळं परक्याच्या लेकीकडं जाणार. तुला गोडीच नाही असं वाटायचं रे."

आबांचा हात खरखरीत आणि गरम होता. ज्यासाठी इतके दिवस जीव तुटत होता ते हे, एवढंच. आता बायको आली तरी चालेल, सगळं गाव आलं तरी चालेल.

पण बायको यायच्या आत तो शेळ्या सोडून निघालाही होता.

वाटेत जंगलाच्या तोंडाशी सुतार लाकूड तासत होता. हिरव्यानं थांबून त्याला सांगितलं, घळीत रानगाजर आहे, मूळ खाता येतं, आबांनी स्वतः खाल्लं. "आणि ओळखलं कुणी?" सुतारानं विचारलं. "मी," हिरव्या म्हणाला. सुतारानं भुवया वर केल्या, पण घरात सहा तोंडं होती. पहार आणि पोतं घेऊन तो मागोमाग आला. दोघांनी मिळून उपटलं, कारण सुताराची पाठ धरलेली होती. मुळं चांगली बोटभर जाडीची निघाली. "आज पोरं पोटभर जेवतील," सुतार पोतं खांद्यावर घेत म्हणाला. "हिरव्या, तू माणूस निघालास."

तो गेल्यावर हिरव्या दगडावर आडवा झाला. हातांना एक कुबट वास येत होता, उंदीर मुतलेल्या धान्याचा असतो तसा. लेंड्यांचा असेल म्हणून त्यानं हात मातीत पुसले.

उन्हं कलताना त्याला पहिली शेळी दिसली. ती चालत होती, पण मागचे पाय तिचं ऐकत नव्हते. काल सोडून दिलेली छत्रीची झाडं शेळ्यांनी आज कोवळ्या बाजूनं खाल्ली होती. गवत संपत आलं होतं आणि भुकेला चव नसते. दुसरी शेळी उभ्या उभ्या थरथरत होती, तोंडाला फेस. ऊन लागलं, त्यानं मनाशी म्हटलं. उन्हानं होतं असं. तो त्यांना ढकलत, ओढत, एकीला खांद्यावर घेऊन वर आला. चालताना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, ऊन लागलं, आणि आकाशात ढग होते.

बायको फाटकाशीच उभी होती. केस सुटलेले, ओले हात तसेच.

"आबांचे पाय गेलेत," ती म्हणाली. "मी ओढ्यावरून आले तर कोसळलेले. जीभ जड झालीय. शुद्ध आहे, पण बोलणं कळत नाही नीट. काय खाल्लं त्यांनी?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआप गेलं.

तिनं त्याच्या खांद्यावरची शेळी बघितली. मग त्याची दोन्ही मनगटं धरली आणि त्याचे तळवे नाकाशी नेले. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"देठावर ठिपके होते?"

त्यानं हात मागं ओढायला बघितले.

"होते की नव्हते?"

"होते," तो म्हणाला.

तिनं हात सोडले. मारेल असं त्याला वाटलं, मारलं असतं तर त्यानं खाल्लंही असतं. पण तिनं एवढंच विचारलं, "आणखी कुणाला दिलंत?"

आणि तेव्हा त्याला सुताराचं पोतं आठवलं.

शेळी खाली टाकून तो पळाला. वहाणा रस्त्यातच निघाल्या. सुताराच्या घराचं दार उघडं होतं. पोरं ताटं घेऊन भिंतीशी बसली होती, सुताराची म्हातारी आई दात नसलेल्या तोंडानं कालवण शिजायची वाट बघत होती, आणि सुताराची बायको पातेल्यात डाव घालत होती. हिरव्याला दम लागून शब्द फुटेना. त्यानं पातेल्याला लाथ मारली. उकळतं पाणी त्याच्या पायावरून जमिनीवर पसरलं, मुळांच्या चकत्या चुलीपर्यंत घरंगळल्या.

पोरं किंचाळली. सुतारानं त्याची मानगूट धरून त्याला भिंतीवर आदळलं. "डोकं फिरलं का तुझं?"

"विष आहे," हिरव्या म्हणाला. "कुणी खाल्लं का? खाल्लं का कुणी?"

"नाही अजून. पण तूच सांगितलंस. आबांनी खाल्लं म्हणालास."

"आबांना मी खोटं सांगितलं."

सुताराची पकड ढिली झाली. त्याची बायको डाव हातात घेऊन तशीच उभी होती. म्हातारीनं नातवाच्या हातातलं रिकामं ताट काढून घेतलं आणि त्याला जवळ ओढलं.

"का?" सुतारानं विचारलं.

हिरव्यानं तोंड उघडलं. बायकोच्या आधी सांगायचं होतं, एवढंच उत्तर होतं. पण समोर ती सहा माणसं होती. तो खाली बसला आणि चकत्या वेचायला लागला. एक एक, कोपऱ्यातल्यासुद्धा. कुणी त्याला मदत केली नाही. कुणी त्याला जा असंही म्हटलं नाही.

आबा वाचले. मूळ थोडंसंच खाल्लं होतं, आणि सूनबाईनं मिठाचं पाणी पाजून पाजून त्यांना ओकायला लावलं होतं. ती रात्र दोघांनी त्यांना दोन बाजूंनी टेकू देऊन बसवून ठेवलं, कारण आडवं केलं की श्वास अडायचा. दोघांचे खांदे आबांच्या पाठीमागं एकमेकांना लागत होते. पहाटे आबांच्या छातीचं घरघरणं थांबलं आणि ते झोपले. शेळ्यांपैकी दोघी गेल्या. हिरव्यानं त्या पोळलेल्या पायानं खड्डा खणून पुरल्या. कातडंसुद्धा काढलं नाही.

पायाला फोड आले होते. बायकोनं कसलासा पाला वाटून आणला आणि जमिनीवर बसून लेप लावला. हात हलका नव्हता.

"दुखतंय," तो म्हणाला.

"दुखू दे."

चिंधी बांधताना तिनं वर न बघताच म्हटलं, "मी तुमच्या जागेवर जाऊन बसले असं वाटतं ना तुम्हाला? जागा रिकामी होती. माझ्या माहेरी मला कुणी कधी काही विचारलं नाही. इथं एक म्हातारा माणूस म्हणाला, आणखी सांग. मी सांगितलं. त्यात तुमचं काय घेतलं मी?"

काय घेतलं ते त्याला ठाऊक होतं, पण ते तिनं घेतलं नव्हतं हेही आता ठाऊक होतं. तिनं गाठ आवळली आणि उठून गेली.

पुढचे दिवस तो घळीत एकटाच जात राहिला. हाताला चिंध्या गुंडाळून, खाली वाकून, एकेक झाड मुळासकट उपटून वर कड्यावर वाळायला टाकत होता. लवकरच त्याला खरं रानगाजरही भेटलं, त्याच घळीत, कडेला, खडकाशी. देठावर मऊ पांढरी लव. दोन्ही शेजारी धरल्यावर फरक एवढा ढळढळीत दिसत होता की तो बराच वेळ त्या दोन देठांकडे बघत उकिडवा बसून राहिला. गावात बातमी पोचली होती. वाटेत कुणी भेटलं की नजर चुकवत. सुतार एकदा समोरून आला, थांबला, म्हणाला, "पाय कसा आहे?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेला. हिरव्या म्हणून हाक कुणीच मारत नव्हतं. त्याला वाटलं होतं, तसं झालं तर बरं वाटेल.

आबांची जीभ सुटली, पण पायांत पूर्वीचं बळ आलं नाही. त्यांना उचलून ओट्यावर आणायचं काम हिरव्याचं. एका सकाळी त्यानं त्यांना टेकवून बसवलं, पायांवर घोंगडं टाकलं आणि निघायला वळला.

"थांब," आबा म्हणाले.

तो थांबला.

"मला एक सांग. सूनबाईला विचारलं, ती म्हणाली त्यांनाच विचारा. तेव्हा तुला ते ठिपके दिसलेच नव्हते, का दिसले होते?"

नव्हते दिसले, म्हणता आलं असतं. जून देठ, चिखल, घाई. न दिसणारा मुलगा आबांना जुनाच होता. त्याला त्यांनी माफ केलं असतं, पूर्वीसारखं हसूनसुद्धा.

"दिसले होते," तो म्हणाला. "अंगठ्यानं घासून बघितले. गेले नाहीत."

आबांचे पांढुरके डोळे त्याच्या तोंडावर होते, की थोडे बाजूला, कळत नव्हतं. त्यांचा जबडा हलला, थांबला. अंगणात एक करडू धडपडत आलं, ओट्याला धडकलं आणि परत गेलं.

"म्हणजे डोळे चांगले आहेत तुझे," आबा म्हणाले.

एवढंच. त्यात माया होती की चाबूक, हिरव्याला ठरवता आलं नाही. पुढं त्यानं खूप वेळा त्या वाक्यावर विचार केला, तरी आलं नाही.

"जा," आबा म्हणाले. "सूनबाईला पाठव. पलीकडची काकू केव्हाची पाला घेऊन उभी आहे."

बायको मागं चूल पेटवत होती. "आबा बोलावतायत," त्यानं सांगितलं. तिनं पदराला हात पुसले आणि दारात जरा थांबली. "तुम्हीही या," ती म्हणाली.

"शेळ्या सोडायच्या आहेत," तो म्हणाला.

ती गेली. तो कुंपणापाशी आला आणि फाटकाच्या आडण्यावर हात ठेवला. ओट्यावरून तिचा आवाज येत होता, पानं कशी, कडा कशा, वास कसा. मग ती काहीतरी बोलली आणि आबा हसले. आजारानंतर पहिल्यांदाच. खोकत, धापा टाकत, पण हसले.

हिरव्याच्या छातीत पूर्वी जिथं पिळायचं तिथंच पिळलं. तेवढंच जोरात. त्यानं आडणा घट्ट धरला आणि शेळ्या पायांशी ढुशा देत असताना तो तसाच उभा राहिला, ते पिळणं सैल होईपर्यंत. मग त्यानं फाटक उघडलं.